खिंडीची उंची आणि मजुराची नोंद

लडाखी भाषेत ‘ला’ म्हणजेच खिंड. त्यामुळे ‘खारदुंग ला खिंड’ हा शब्दप्रयोग व्याकरणदृष्ट्या द्विरुक्तीचा. पण तो आता देशभर रुळला आहे, आणि त्याच्यासोबत एक आकडाही रुळला आहे. १८,३८० फूट. लेहपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या या खिंडीतील फलकाने अनेक वर्षे हा आकडा मिरवला आणि जगातील सर्वांत उंच मोटाररस्ता असल्याचा दावाही केला. उपग्रहाच्या साहाय्याने झालेल्या मोजणीत खिंडीची उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरली. आठशे फुटांचा फरक. टी-शर्ट, चहाचे पेले आणि मोटारसायकलींवर चिकटवायचे कागद यांवर मात्र जुनाच आकडा विकला जातो. दरम्यान ‘सर्वांत उंच’ हा मान दुसरीकडे गेला आहे. २०२१ मध्ये उमलिंग ला येथील रस्ता १९,०२४ फुटांवर असल्याचे जाहीर झाले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मिग लाच्या १९,४०० फुटांनी त्यालाही मागे टाकले. उंचीच्या बाबतीत आपली व्यवस्था अतिशय तत्पर आहे, एवढे यावरून मान्य करावे लागते.

२०२५च्या जुलैत आम्ही पाच जण पाच मोटारसायकलींवर मनालीहून निघालो. तीन निवृत्त सनदी अधिकारी, एक छातीविकारतज्ज्ञ आणि लुधियानातील एक गॅरेजमालक. पन्नाशीच्या आत तो एकटाच. आणि मोटारसायकलीची चेन, क्लच व ब्रेक यांविषयी आम्हा सर्वांचे एकत्रित ज्ञान त्याच्या एका बोटाएवढे. लेह, नुब्रा, हानले, पुन्हा लेह आणि कारगिलमार्गे श्रीनगर असा सुमारे सोळाशे किलोमीटरचा बेत होता. एप्रिलमधील पहलगाम हल्ला आणि मे महिन्यातील लष्करी संघर्ष यांनंतरचा तो हंगाम असल्याने पर्यटक रोडावले होते. आमच्या दृष्टीने ते सोयीचे, वाटेवरच्या खानावळवाल्यांच्या दृष्टीने आपत्तीचे.

पूर्वी हा प्रवास रोहतांगच्या ३,९७८ मीटर उंचीवरून सुरू होई. ३ ऑक्टोबर २०२० पासून ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्याने ती चढण वगळली. आम्ही पाव तासात पलीकडे होतो. अलीकडे ओलसर देवदार, पलीकडे लाहौलचे उघडे, कोरडे डोंगर. मधे फक्त दिव्यांची एक लांब रांग. आमचे गॅरेजमालक खट्टू झाले. घाट गेला, मजा गेली, असे ते केलाँगच्या अलीकडे चहा पिताना म्हणाले. टपरीवरच्या लाहौली बाईंनी ते ऐकले. “बाबूजी, तुमची मजा चार तासांची,” त्या म्हणाल्या. “माझ्या नणंदेला जानेवारीत कळा सुरू झाल्या, तेव्हा हेलिकॉप्टर यायला पाच दिवस लागले. आता माझी सून कुल्लूच्या दवाखान्यात बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी घरी आली.” हिवाळ्याचे पाच-सहा महिने जगापासून तुटणे म्हणजे काय, हे लाहौलच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पर्वतीय पायाभूत सुविधांवर टीका करताना आपण, मैदानी प्रदेशांतील माणसे, ही बाजू फार लवकर विसरतो.

तांडीच्या पेट्रोल पंपावरील ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ हा फलक मोटारसायकलस्वारांच्या एका पिढीचे तीर्थस्थान ठरला. तिथून पुढे बारालाचा ला, नकी ला, लाचुलुंग ला आणि ५,३२८ मीटर उंचीचा तंगलंग ला. गाटा लूप्स नावाची एकवीस वळणेही याच वाटेवर लागतात. या वर्णनांनी पर्यटनाच्या पुरवण्या भरलेल्या असतात, म्हणून मी त्यात शिरत नाही. ज्यासाठी हा लेख लिहीत आहे, ती गोष्ट बारालाचाच्या अलीकडे, झिंगझिंग बारजवळच्या एका नाल्यात घडली.

हिमनद्यांचे पाणी सकाळी घोट्याएवढे असते आणि दुपारी उन्हाने बर्फ वितळले की गुडघ्यापर्यंत चढते. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पात्रातील गोट्यांवर माझ्या एका सहकाऱ्याची मोटारसायकल आडवी झाली. काठावर खडी फोडणारी आठ-दहा माणसे न बोलावता पाण्यात उतरली. त्यांनी गाडी उचलली, सायलेन्सरमधील पाणी काढले आणि उरलेल्या चार गाड्याही एकेक करून पलीकडे ढकलल्या. त्यांच्या पायांत रबरी बूट होते आणि तोंडाला धूळ व डांबराच्या धुरापासून बचाव म्हणून मफलर गुंडाळलेले. सगळे झारखंडच्या दुमका जिल्ह्यातले, संथाळ. त्यांच्यातील वयाने मोठा असलेला माणूस अकरावा हंगाम करीत होता. मोटारसायकली कोणत्या कामासाठी चालवल्या आहेत, असे त्याने विचारले. कामासाठी नाही, हिंडण्यासाठी, असे आम्ही सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, “मग याचे किती मिळतात?”

आमच्या डॉक्टरांनी रक्तातील प्राणवायू मोजण्याचे छोटे यंत्र काढले. त्यांचे स्वतःचे प्रमाण ७८ टक्के, माझे ७६. त्या माणसाने हौसेने बोट पुढे केले, ८६. सोबतच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच टोळीतील एका विशीच्या मुलाचे ७४ आले, तेव्हा डॉक्टर हसायचे थांबले. तो चार दिवसांपूर्वीच गावाहून आला होता आणि त्याचे डोके दोन दिवसांपासून दुखत होते. डॉक्टरांनी त्याला जवळची गोळ्यांची पाकिटे दिली, फावडे खाली ठेवायला लावले आणि मुकादमाशी बोलून त्याच संध्याकाळी खाली जाणाऱ्या ट्रकमधून केलाँगला पाठवण्याची व्यवस्था करून घेतली. मुकादम समंजस होता. सगळेच तसे असतील असे नाही.

उंचीचा आजार ही या देशाला नवी माहिती नाही. १९६२ मध्ये मैदानी छावण्यांतून सैनिकांना थेट हिमालयाच्या माथ्यावर नेण्यात आले, तेव्हा त्याची किंमत आपण मोजली. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ भारतीय सैनिकांची निरीक्षणे १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. या विषयावरील जागतिक वैद्यकशास्त्रात ती आजही पायाभूत मानली जातात. उंचीशी जुळवून घेण्यासाठी टप्प्याटप्प्याने वर चढवण्याचा शिरस्ता सैन्याने त्यानंतर काटेकोरपणे बसवला. विमानाने लेहला उतरणाऱ्या पर्यटकालाही पहिले दोन दिवस विश्रांती घेण्याचा सल्ला मिळतो. समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या दुमक्याहून आलेल्या मजुरालाही हाच नियम लागू व्हायला हवा, कारण फुप्फुसे तीच असतात. फरक इतकाच की सैनिकाचा आणि पर्यटकाचा पहिला दिवस विश्रांतीचा, मजुराचा पहिला दिवस हजेरीपटाचा. आणि ज्याची मजुरी हजेरीवर अवलंबून आहे, तो डोकेदुखी सांगत नाही.

सीमा रस्ते संघटनेची स्थापना ७ मे १९६० रोजी झाली. लडाखमधील तिचा हिमांक प्रकल्प १९८५ पासून चालतो. अधिकारी लष्कराच्या अभियंता शाखेतून आणि ग्रेफ, म्हणजे जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्समधून येतात. त्यांच्या कर्तबगारीविषयी मला नितांत आदर आहे. हिमस्खलनाच्या भीतीत रस्ता उघडा ठेवणे हे काय काम असते, ते फायलींतून कळत नाही. परंतु प्रत्यक्ष खडी फोडणारा, डांबर तापवणारा, दरडीखालचा दगड बाजूला करणारा हात बहुतांशी हंगामी रोजंदारी मजुराचा असतो, आणि तो झारखंड, बिहार किंवा नेपाळमधून आलेला असतो. ही नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त १७९ दिवसांची. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही या आकड्याचा अर्थ विचारा. सहा महिने पूर्ण होऊ द्यायचे नाहीत, म्हणजे सलग सेवेचा प्रश्नच उद्भवत नाही.

२०२०च्या उन्हाळ्यात ही माणसे काही काळ देशाला दिसली. टाळेबंदीत लडाखमध्ये अडकलेल्या साठ मजुरांना झारखंड सरकारने मे महिन्याच्या अखेरीस विमानाने परत आणले. पाठोपाठ सीमा रस्ते संघटनेला नव्या हंगामासाठी हजारो हात हवे होते. या वेळी राज्य सरकारने अटी घातल्या: नोंदणी, मजुरी थेट खात्यात, वैद्यकीय सोय. १३ जून २०२० रोजी मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांनी दुमका स्थानकातून मजुरांच्या विशेष गाडीला निरोप दिला. दोन दिवसांनी, १५ जूनच्या रात्री, गलवान खोऱ्यात आपले वीस सैनिक धारातीर्थी पडले. दरबुक–श्योक–दौलत बेग ओल्डी या २५५ किलोमीटरच्या रस्त्याचे नाव तेव्हा घरोघरी पोचले. तो रस्ता कोणाच्या हातांनी झाला, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात राहून गेला. दुमक्याची गाडी तर तेव्हा अजून वाटेतच असावी.

त्यानंतर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने या रोजंदारी मजुरांचे पार्थिव गावी पोचवण्याची तरतूद केली आणि अंत्यसंस्कारासाठीची मदत वाढवली. पूर्वीची रक्कम १,००० रुपये होती. ती १०,००० झाली. जानेवारी २०२४ मध्ये दहा लाख रुपयांच्या समूह विम्याला मंजुरी मिळाली. ही पावले योग्यच आहेत. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने तारखांकडे पाहावे. संघटना १९६० ची. मृत मजुराचा देह सरकारी खर्चाने घरी जाण्याची व्यवस्था २०२३ ची. मधली त्रेसष्ट वर्षे रस्ते होत होते आणि माणसे मरतही होती.

इथे थोडे मागे जायला हवे, कारण या खिंडींवर कोणाच्या तरी पाठीवरून ओझे जाणे हा आधुनिक शोध नाही. लेह हे एकेकाळी यारकंद, ल्हासा, काश्मीर आणि पंजाब यांच्या चौकातले गाव होते. खारदुंग लावरून नुब्रा, तिथून सासेर ला आणि मग ५,५४० मीटरवरील काराकोरम खिंड ओलांडून तांडे मध्य आशियात उतरत. रेशीम, गालिचे आणि चरस इकडे येई. सुती कापड, मसाले आणि नीळ तिकडे जाई. होशियारपूरच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या लेहमध्ये होत्या. १८७० मध्ये लॉर्ड मेयो आणि महाराजा रणबीर सिंह यांच्यात करार होऊन हा मार्ग करमुक्त ठरला. त्याच्या देखरेखीसाठी ब्रिटिश व काश्मीर दरबार यांचे संयुक्त आयुक्त नेमले गेले. सराया, धान्यकोठ्या, वादांचा निवाडा, सगळी व्यवस्था लावली गेली. तिच्या मुळाशी होती ‘रेस’ नावाची पद्धत: वाटेवरच्या गावांनी आळीपाळीने घोडे, याक आणि माणसे पुरवायची. आपल्याकडे तिला वेठ म्हणत. काराकोरमच्या वाटेवर मेलेल्या घोड्यांची हाडे इतकी पडलेली असत की धुक्यात तीच वाटाड्याचे काम करीत, असे जुने प्रवासी लिहून गेले आहेत. घोड्यांची हाडे निदान दिसत तरी होती.

१९४९ नंतर यारकंदचा व्यापार थांबला आणि १९६२ नंतर या खिंडींचा अर्थच पालटला. त्यापूर्वीच, नोव्हेंबर १९४८ मध्ये, थिमय्यांच्या सैन्याने झोजी लावर रणगाडे चढवून लेहचा मार्ग मोकळा केला होता. पुढे रस्ते झाले ते सैन्यासाठी. ज्या वाटा पलीकडे जाण्यासाठी होत्या, त्या आता सीमेवर जाऊन संपतात. मोटारसायकलस्वार खिंडीच्या माथ्यावर पोचतो, छायाचित्र काढतो आणि आल्या वाटेने परततो. खिंड म्हणजे मुक्कामाचे ठिकाण, ही कल्पना जुन्या तांडेवाल्याला विनोदी वाटली असती. त्याच्या लेखी ती शक्य तितक्या लवकर मागे टाकायची जागा होती.

पर्यटनासाठी लडाख १९७४ मध्ये खुले झाले, नुब्रा आणि पँगाँग १९९४ मध्ये. २००९ सालच्या एका हिंदी चित्रपटाने पँगाँगचा निळा रंग घरोघरी नेला. २०११च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या २,७४,२८९. २०२२ मध्ये पर्यटक आले पाच लाखांहून अधिक. यातील मोटारसायकलींचा वाटा लहान नाही आणि तो सर्वांत गोंगाटाचा आहे. लेहमध्ये बाहेरून भाड्याने आणलेल्या मोटारसायकली स्थानिक फेऱ्यांसाठी चालू देत नाहीत. लेहच्याच भाड्याच्या गाड्या घ्याव्या लागतात. देशाच्या इतर भागांतील पर्यटक यावर चिडतात, ‘एक देश’ वगैरे युक्तिवाद करतात. मला स्वतःला लेहच्या गाडीवाल्यांची बाजू समजते. हंगाम चार-पाच महिन्यांचा. तेवढ्यात मनालीचा आणि दिल्लीचा व्यावसायिक येऊन कमाई घेऊन गेला, तर इथल्या माणसाच्या वाट्याला धूळ, कचरा आणि आटलेले पाणी तेवढे उरेल. लेहचे पाणी बर्फातून येते. तिथल्या घरांतील पारंपरिक शौचालयाला पाण्याची गरज नव्हती; हॉटेलांच्या शौचालयांना आहे, आणि त्यासाठी कूपनलिका जमिनीत खोल जात आहेत.

ऑक्टोबर २०१९ मध्ये लडाख केंद्रशासित प्रदेश झाला. विधानसभा मिळाली नाही. जमीन, नोकऱ्या आणि निर्णयाचा अधिकार यांसाठी सहाव्या अनुसूचीची मागणी तेव्हापासून चालू आहे. जून २०२५ मध्ये नोकऱ्यांतील ८५ टक्के आरक्षणाचे नियम आले. आम्ही लेहमध्ये होतो तेव्हा गाव शांत दिसले, तरी खानावळीत प्रत्येक जण हाच विषय काढत होता. २४ सप्टेंबरला तिथे हिंसाचार झाला आणि चार जणांचा मृत्यू झाला. दिल्लीत बसून हा केवळ कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न मानण्याचा मोह टाळला पाहिजे. रस्ता, बोगदा, सौर प्रकल्प, पर्यटकांची संख्या, यांपैकी कशाविषयीही अंतिम शब्द आपला नाही, ही भावना त्यामागे आहे.

हानलेच्या वाटेवर चांगथांगच्या माळावर आम्ही गाड्यांच्या चाकांचे समांतर व्रण पाहिले. एकाने वाट सोडली की दुसरा सोडतो. त्या उंचीवर गवत मुळातच विरळ, त्यामुळे दबलेल्या जमिनीवर ते पुन्हा धरायला फार वेळ लागतो. चांगपा मेंढपाळांच्या पश्मिना बकऱ्या त्याच गवतावर जगतात. हानलेहून उमलिंग लाला जावे की नाही, यावर आमच्यात रात्री दीड तास वाद झाला. डॉक्टरांनी यंत्र फिरवले, आमच्यापैकी दोघांचे आकडे पाहिले आणि विषय संपवला. गॅरेजमालक दोन दिवस रुसले होते.

आता बोगद्यांचे युग येत आहे. शिंकू ला येथे सुमारे १५,८०० फुटांवरील ४.१ किलोमीटरच्या बोगद्याच्या कामाचा पहिला सुरुंग २६ जुलै २०२४ रोजी उडवला गेला. सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला असून, झोजी लाच्या तेरा किलोमीटरहून लांब बोगद्याचे काम परतीच्या वाटेवर आम्ही पाहिले. ते पूर्ण झाल्यावर लडाखला बारमाही वाट मिळेल आणि द्रासचा रुग्ण हिवाळ्यातही श्रीनगरला पोचू शकेल. खिंडी मग हौशी स्वारांसाठी उरतील.

तोवर काही साध्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक पर्यटकाकडून पर्यावरण शुल्क घेतले जाते. त्यातला निश्चित भाग मजुरांच्या हंगामी निवाऱ्यासाठी आणि उंचीवरील प्राथमिक उपचारांसाठी राखता येईल, कारण पर्यटक ज्या रस्त्यावरून जातो तो त्यांनीच राखलेला असतो. वर चढण्याआधीचे जुळवणीचे दिवस पगारी धरता येतील. खर्च अगदी किरकोळ आहे. प्रत्येक हंगामाअखेर प्रत्येक खिंडीवर किती मजूर होते, किती आजारी पडले आणि किती दगावले, हे खिंडीच्या उंचीइतक्याच सहजतेने कोणालाही कळायला हवे. आणि अकरा हंगाम केलेल्या माणसाचे ते अकरा हंगाम एका ठिकाणी नोंदलेले असावेत, म्हणजे बाराव्या हंगामाला तो नवखा ठरणार नाही.

केलाँगला पाठवलेला तो मुलगा चार दिवसांत बरा झाला, असे मुकादमाने डॉक्टरांना फोनवर कळवले. नोव्हेंबरात सरचूचे तंबू उतरले, टोळ्या ट्रकने खाली आल्या आणि दुमक्याच्या गाडीत बसल्या. वयस्क संथाळ गृहस्थांना डॉक्टरांनी आपला क्रमांक दिला होता. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. या वर्षी बर्फ हटवण्याच्या कामावर जायचे की बोगद्याच्या, हे त्यांना ठरवायचे होते. बोगद्यात काम बारमाही मिळते आणि वारा लागत नाही, असे त्यांनी ऐकले होते. फक्त आतल्या धुळीने छाती बिघडते का, एवढे त्यांना डॉक्टरांकडून जाणून घ्यायचे होते.